शुगर जरा वाढलीये म्हणता, पण बीपी कुणी बघितलं का?

उपाशीपोटी शुगर १०८ आली की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर "डायबेटिस नाहीये ना अजून, मग झालं" म्हणून रिपोर्ट फाइलीत जातो, नाहीतर घरात एकदम भात बंद, केळी बंद, सकाळी कारल्याचा रस सुरू आणि माणूस दर चार दिवसांनी बोट टोचून आकडा बघत बसतो. मी तालुक्याच्या गावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, असे रिपोर्ट रोज हातानं देते, आणि माझं स्पष्ट मत झालंय की हे दोन्ही प्रकार चुकीचे आहेत. कारण दोन्हीत प्रश्न एकच विचारला जातो, पुढे डायबेटिस होणार का. खरं तर नॉर्मल आणि डायबेटिस यांच्या मधल्या या गटातल्या माणसाचा जीव बऱ्याचदा जातो तो हार्ट अटॅकनं किंवा लकव्यानं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आजारानं, आणि त्या वाहिन्या खराब व्हायला शुगर डायबेटिसच्या रेघेला, म्हणजे १२६ ला, पोचायची वाट बघत नाहीत. म्हणून असा रिपोर्ट हातात आला की त्याच दिवशी बीपी, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर आणि तंबाखू हे सगळं विचारलं गेलं पाहिजे, आणि हे काम सरकारी दवाखान्यातसुद्धा ठरवून झालं पाहिजे.

आधी आकडे सांगते म्हणजे आपण कशाबद्दल बोलतोय ते कळेल. उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ५.७ ते ६.४, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, यातलं काही आलं तर त्याला प्रीडायबेटिस म्हणतात. उपाशीपोटीची खालची रेघ सगळ्यांची एक नाहीये, अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २००३ मध्ये ती ११० वरून १०० वर आणली, जागतिक आरोग्य संघटना अजून ११० च धरते. आयसीएमआरचा देशभराचा इंडियाब सर्व्हे २०२३ मध्ये आला त्यात आपल्या देशात डायबेटिसचे साधारण १० कोटी १० लाख लोक निघाले आणि प्रीडायबेटिसचे १३ कोटी ६० लाख. डायबेटिसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात, २६.४ टक्के. त्याच सर्व्हेत बीपी वाढलेले लोक ३५.५ टक्के आहेत, म्हणजे शुगरवाल्यांपेक्षा बीपीवाले कितीतरी जास्त, पण बातमी झाली ती शुगरचीच.

आता ती १२६ ची रेघ आली कुठून? हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९९७ पर्यंत रेघ १४० ला होती, मग तज्ज्ञांच्या समितीनं ती १२६ वर आणली आणि त्यासाठी मुख्य आधार काय घेतला तर डोळ्यांचा पडदा. कुठल्या शुगरपासून पुढे डोळ्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब व्हायचं प्रमाण झपाट्यानं वाढतं ते बघितलं, एचबीएवनसीची ६.५ ची रेघसुद्धा तशीच ठरली. डोळ्यासाठी ते बरोबरच आहे. पण हृदयाच्या आणि मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना अशी कुठलीही पायरी नाहीये, तिथला धोका हळूहळू चढत जातो आणि १२६ च्या बराच आधीपासून चढायला लागतो. तेव्हा "१२४ आहे म्हणजे सुटलो" हे डोळ्याच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं असलं तरी हृदयाच्या बाबतीत त्याला काही अर्थ नाही.

आणि ही काही नवी माहिती नाहीये. लंडनमध्ये सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास झाला, त्यात १८ हजारांवर पुरुषांना ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर मोजली होती, आणि १९८० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की ज्यांची शुगर सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांत होती त्यांच्यात हृदयविकारानं मरायचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. हे लोक डायबेटिसचे पेशंट नव्हते, रोज ऑफिसला जाणारी माणसं होती. पुढे १९९९ ला युरोपातल्या १३ अभ्यासांचा मिळून डिकोड अभ्यास आला आणि त्यातून दिसलं की मृत्यूचा अंदाज उपाशीपोटीच्या शुगरपेक्षा ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांच्या शुगरवरून जास्त चांगला येतो. ऑस्ट्रेलियातल्या ऑसडायब अभ्यासात साधारण पाच वर्षांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं जे लोक गेले त्यातले ६५ टक्के सुरुवातीला डायबेटिसमध्ये किंवा या मधल्या गटात मोडत होते. २०११ मध्ये तर ८ लाख २० हजार लोकांची माहिती एकत्र केली गेली, उपाशीपोटी ७० ते १०० च्या मधे धोक्यात काही फरक दिसला नाही पण १०० च्या वर गेलं की मृत्यूचं प्रमाण वाढताना दिसलं.

पण धोका किती, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर आपणही घाबरवणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसू. २०२० मध्ये बीएमजे (ब्रिटिश मेडिकल जर्नल) मध्ये १२९ अभ्यासांचा एकत्र हिशोब आला, एक कोटीपेक्षा जास्त लोक, त्यात प्रीडायबेटिस असणाऱ्यांना कुठल्याही कारणानं मृत्यू यायचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त निघाला. ऐकायला मोठं वाटतं, पण साध्या भाषेत सांगायचं तर १० हजार लोकांमागे वर्षाला सातएक मृत्यू जास्तीचे. म्हणजे एका माणसानं रात्रीची झोप घालवावी असं यात काही नाही. आता हेच १३ कोटी ६० लाखांना लावून बघा, सरळ गुणाकार करणं काटेकोर होणार नाही कारण ते अभ्यास बरेचसे बाहेरच्या देशातले आहेत, पण अंदाज म्हणून बघितलं तर आकडा वर्षाला लाखाच्या आसपास जातो. एका माणसासाठी थोडा आणि देशासाठी प्रचंड, अशा धोक्याला उत्तर घाबरून मिळत नाही, त्याला व्यवस्था लागते.

हे असं होतं का? कारण शुगर वाढते तेव्हा ती एकटी वाढत नसते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून कितीतरी वर्षं शुगर नॉर्मल ठेवतं, आणि तेवढ्या वर्षांत लिव्हरमध्ये चरबी साठत असते, ट्रायग्लिसराइड वर जातं, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल खाली येतं, बीपी सरकत वर जातं, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडायला लागतं. शुगर शेवटी हलते. म्हणून १०८ हा आकडा मला सुरुवात वाटत नाही, आत बरंच काही आधीच सुरू झालेलं असू शकतं आणि हा त्याचा कागदावर उमटलेला पहिला पुरावा आहे. आपल्याकडे तर हे लवकर होतं, हार्ट अटॅकवर अनेक देशांत मिळून झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक यायचं सरासरी वय ५३ होतं, बाकी जगात जवळपास ५९. घरातल्या कर्त्या माणसाची पाच-सहा वर्षं म्हणजे मुलीचं शिक्षण, घराचे हप्ते, सगळं त्यात आलं.

लॅबमध्ये बघते त्यातलं एक सांगते. एसटीवर ड्रायव्हर असलेले एक काका आले, वय पन्नाशीच्या आतलं, अंगानं बारीक पण पोट थोडं सुटलेलं. उपाशीपोटी शुगर ११२. त्यांचा प्रश्न एकच होता, गोड बंद करू का? मी विचारलं बीपी कधी मोजलंय, तर म्हणाले "तसला त्रासच नाही मला". आमच्याकडे मशीन होतं, बसवून पाच मिनिटं शांत राहायला सांगून मोजलं, १५८ वर ९८ आलं, थोड्या वेळानं परत घेतलं तरी तेवढंच. खिशात तंबाखूची पुडी होती. आता या माणसाला चहातली साखर सोडायला सांगून घरी पाठवलं असतं तर त्यानं ती मनापासून सोडली असती, आणि ज्या दोन गोष्टी त्याला खरंच मारू शकतात त्या तशाच राहिल्या असत्या. डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी सुरू झाली. बीपीची गोळी ही काही महागडी भानगड नाहीये, अम्लोडिपिन जनऔषधी दुकानात अगदी स्वस्तात मिळते आणि सरकारी दवाखान्यात फुकट.

नुसती शुगर खाली आणून हृदय वाचतं का, हा प्रश्न लोकांनी नीट तपासलेला आहे आणि उत्तर आपल्याला वाटतं तसं सोपं नाहीये. चीनमध्ये अकार्बोज नावाची गोळी साडेसहा हजार लोकांना, ज्यांना आधीच हृदयविकार होता आणि शुगर या मधल्या टप्प्यात होती, देऊन बघितली, डायबेटिस होणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं पण हार्ट अटॅक आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत, हे २०१७ चं. अमेरिकेतल्या प्रसिद्ध डीपीपी (डायबेटिस प्रिव्हेंशन प्रोग्रॅम) अभ्यासात आहार-व्यायाम आणि वजन कमी करून डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी, फार मोठं यश आहे ते, पण वीस-एक वर्षांनी बघितलं तेव्हा हृदयविकारात गटागटांमधे फरक सापडला नाही. मग सगळं फुकट का? तर नाही. चीनमधल्याच दाचिंग शहरात १९८६ मध्ये ५७७ लोकांना घेऊन काम सुरू झालं, सहा वर्षं आहार आणि व्यायाम, बाकी काही नाही, आणि तीस वर्षांनी हिशोब केला तेव्हा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी, आयुष्य सरासरी जवळपास दीड वर्षानं जास्त. मला यातून असं वाटतं की अमेरिकेत पुढच्या काळात दोन्हीकडच्या लोकांना बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या भरपूर मिळत गेल्या म्हणून फरक पुसला गेला, आणि दाचिंगमध्ये त्या काळी त्या जवळपास नव्हत्याच म्हणून चालणं आणि जेवण यांचा परिणाम उघड दिसला. दोन्हीकडून निघतं एकच, रक्तवाहिन्या सगळ्या बाजूंनी सांभाळाव्या लागतात.

आपल्याकडचंही आहे. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं प्रीडायबेटिस असलेल्या ५३१ लोकांवर अभ्यास केला, २००६ मध्ये आला, ज्यांना फक्त नेहमीचा साधा सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबेटिस झाला आणि ज्यांना आहार-व्यायामाचा नीट सल्ला मिळत राहिला त्यांच्यात ३९ टक्क्यांना. तीन वर्षांत निम्म्याहून जास्त! अमेरिकेतल्या लोकांपेक्षा आपला वेग खूप जास्त आहे, म्हणून "बघू पुढच्या वर्षी" हे आपल्याला परवडत नाही.

आता दुसरी बाजू. काही जाणकार म्हणतात की हे प्रीडायबेटिस प्रकरण म्हणजे धडधाकट लोकांना पेशंट बनवायचा उद्योग आहे. मला त्यांचं बरंचसं पटतं. अमेरिकेतच सत्तरीच्या पुढच्या लोकांचा अभ्यास २०२१ मध्ये आला, एचबीएवनसी मधल्या टप्प्यात असलेल्यांपैकी पाच-सहा वर्षांत फक्त ९ टक्क्यांना डायबेटिस झाला, १३ टक्के परत नॉर्मलला आले आणि १९ टक्के या ना त्या कारणानं गेले. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीची एचबीएवनसी ६.० आली म्हणून तिच्या ताटातली पुरणपोळी काढून घेणाऱ्या मुलांना मी हात जोडून सांगते, करू नका असं. तिचं बीपी बघा, ती पडणार नाही याची काळजी घ्या, तिला पोटभर प्रोटीन मिळतंय का बघा.

आणि आकडा स्वतः किती भरवशाचा हेही लॅबमध्ये बसल्यावर कळतं. शुगरचं रक्त करड्या झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये घेतात, पण फ्लोराइडचा परिणाम पूर्ण व्हायलाही तास-दोन तास लागतात आणि तोपर्यंत रक्तातल्या पेशी ग्लुकोज खातच असतात, साध्या ट्यूबमध्ये तर तासाला पाच-सात टक्के शुगर कमी होत जाते. गावोगावी सकाळी सॅम्पल गोळा करून मोटरसायकलवर दुपारी लॅबला पोचलं तर १०६ ची ९८ होऊन रिपोर्ट "नॉर्मल" येऊ शकतो. उलटं पण होतं. एक झेडपी शाळेच्या बाई आल्या होत्या, एचबीएवनसी ६.०, घाबरून भात, फळं, खजूर सगळं सोडलेलं, आणि त्याच कागदावर हिमोग्लोबिन ८.९ होतं त्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटी वर जाऊ शकते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी परत तपासलं तर ५.६. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे हे एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) चं सांगणं आहे, म्हणजे नुसत्या एचबीएवनसीवर बायकांना लेबल लावणं किती धोक्याचं आहे बघा, त्यात ती बाई खाणंच सोडते आणि आणखी अशक्त होते.

म्हणजे लेबल लावण्यात घाई नको हे मान्य. पण त्यातून "मग दुर्लक्ष करा" असं निघत नाही. शुगरचा आकडा डळमळीत आहे म्हणूनच तर बाकीच्या गोष्टी सोबत बघायच्या, त्यांच्यावर इलाज पक्के आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा लकवा यायची शक्यता काढायचे तक्ते दिले, त्यातला एक तक्ता तर असा आहे की रक्ताचा थेंबही लागत नाही, वय, बाई की पुरुष, सिगारेट-बिडी, वरचं बीपी आणि उंची-वजनावरून निघणारा बीएमआय, बस. आशाताईंच्या हातात देता येईल असं आहे हे.

फक्त बीएमआयवर आपण फार विसंबायचं नाही, आणि हे पुण्यानं जगाला शिकवलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन या दोघांचा एक शेजारी-शेजारी काढलेला फोटो लॅन्सेटमध्ये २००४ मध्ये छापला होता, दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा पण आतून चरबीचा, असा आपला बांधा. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांचा गट गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांना तपासत आलाय, ती मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा मुलांमधे ३७ टक्के आणि मुलींमधे १८ टक्के जणांची शुगर वाढलेली निघाली, आणि त्यातली निम्मी मुलं वजनानं कमी होती! खेड्यातली, बारीक, अठरा वर्षांची. त्यांना "पोट कमी कर, पिझ्झा खाऊ नको" हा सल्ला देऊन काय उपयोग? याची मुळं बरीचशी त्यांच्या आयांच्या गरोदरपणातल्या कुपोषणात असावीत, आणि त्यांच्यासाठी अजून आपल्याकडे धड काही नाहीये.

व्यवस्था अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक नावाचा, आजारांचा धोका ओळखायचा फॉर्म आशाताई भरतात, वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर, सगळं त्यात विचारलेलं असतं. टेप घेऊन दारोदार फिरतात त्या, तेही किती तुटपुंज्या मोबदल्यावर. महालॅबमार्फत सरकारी दवाखान्यात रक्ताच्या तपासण्या मोफत होतात. म्हणजे तुकडे सगळे आहेत, जोडले जात नाहीत. कधीही घेतलेली (रँडम) शुगर २२० आली तर त्या माणसाचं नाव रजिस्टरला लागतं, गोळ्या सुरू होतात, पाठपुरावा होतो, पण १५५ आली, कमरेचा घेर जास्त, मिश्री लावते, आई लकव्यानं गेलेली, अशा बाईला मी तरी "गोड कमी खा" यापलीकडे काही मिळालेलं बघितलं नाही. तिला उपाशीपोटीची तपासणी, दोनदा घेतलेलं बीपी, लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी), आणि तिच्या वयाप्रमाणे धोका बसवून डॉक्टरांचा निर्णय, एवढं मिळालं पाहिजे, आणि सहा महिन्यांनी तिला कुणीतरी परत बोलवलं पाहिजे. गरोदरपणात शुगर वाढलेल्या बायकांचं तर वेगळं रजिस्टरच हवं, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो आणि बाळंतपण झालं की त्यांची शुगर परत कुणी तपासत नाही.

तंबाखूबद्दल अजून एक. आपल्याकडे सिगारेट-बिडी कमी आणि तोंडातला तंबाखू जास्त आहे, मिश्री, गायछाप, गुटखा, आणि लोक समजतात याचा संबंध फक्त तोंडाच्या कॅन्सरशी. इंटरहार्टमध्ये चघळायच्या तंबाखूनंही हार्ट अटॅकचा धोका दुपटीच्या आसपास दिसला होता. वर सांगितलेल्या तक्त्यात तंबाखू खाण्याचा रकाना नाहीये, तो आपल्या राज्यानं स्वतःहून जोडला पाहिजे.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. आयसीएमआरच्याच अभ्यासात आपल्या जेवणातल्या ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून, म्हणजे मुख्यतः भात-पोळी-साखरेतून येतात असं निघालंय, तर ताटात एक वाटी उसळ वाढवा आणि एक पोळी कमी करा, खारी-टोस्ट रोज नको, पापड-लोणच्याचं मीठ सांभाळा. चालायला मात्र रस्ता लागतो. आमच्या गावात संध्याकाळी बायका हायवेच्या कडेनं ट्रकच्या धुरात चालतात कारण दुसरी जागाच नाही, "रोज अर्धा तास चाला" म्हणणाऱ्या प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्यानं नगरपालिकेला फुटपाथबद्दल एक पत्र लिहावं असं मला मनापासून वाटतं.

आणि लॅबवाल्यांना, म्हणजे आम्हालाही, काहीतरी करता येतं. फुल बॉडी पॅकेज विकून साठ आकड्यांचा कागद हातात द्यायचा, त्यातले चार लाल रंगात, आणि पुढे काय ते ज्याचं त्यानं बघायचं, हे थांबलं पाहिजे. शुगर १०० ते १२५ च्या मधे आली की रिपोर्ट देताना तिथेच खुर्चीत बसवून बीपी मोजायचं, कागदावर पेनानं लिहायचं, १४० वर ९० च्या पुढे असेल तर डॉक्टरांकडे जायला सांगायचं. मशीन दीड-दोन हजारांत मिळतं. आमच्याकडे आता हे चालू आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही.